क्लेमची कोरडी वर्षं

क्लेम झर्नर वारला तेव्हा त्याच्या पाकिटात एक पिवळं कार्ड सापडलं. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असं त्यावर छापलं होतं. खाली क्लेमची वेडीवाकडी सही होती आणि जवळचा नातेवाईक म्हणून धाकट्या भावाचं नाव. त्यामुळे ब्रिस्बेनच्या इस्पितळातून सकाळी सातला फोन आला तो लेडली गावात, एडगर झर्नरच्या स्वयंपाकघरात.

एडगर नुकताच पंप चालू करून आला होता. बुटांची माती पायपुसण्यावर घासत त्याने फोन घेतला. भाऊ पहाटे गेल्याचं पलीकडच्या बाईने सांगितलं, दुःख व्यक्त केलं, आणि मग जरा थांबून कार्डाचं सांगितलं. या कामाला वेळ फार थोडा असतो, म्हणून घाई करावी लागते आहे, असंही ती म्हणाली.

"मेंदू?" एडगर म्हणाला. "बाई, तुमची काहीतरी गफलत होतेय. पन्नास वर्षं त्याने तो रममध्ये मुरत घातला होता."

"हो," पलीकडची बाई म्हणाली. "आम्हाला तसाच हवा असतो."

एडगरने हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, इतकंच. अठ्ठावीस वर्षांत दोघं भाऊ एकमेकांशी धड बोलले नव्हते. दोन अंत्यविधींना समोरासमोर आले होते आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून बाजूला झाले होते. क्लेमचं वय सहासष्ट, एडगरचं त्रेसष्ट. ऐंशी एकरांची काळीभोर जमीन एडगरकडे होती आणि क्लेमकडे शेवटी शेवटी भाड्याची एक खोली. गावाला हे ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. एक भाऊ प्यायचा, दुसऱ्याने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. बापाने जमीन कुणाला दिली असती?

तीन आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, असे मेंदू जपून ठेवणाऱ्या मेंदूपेढीची बाई घरी आली. तिचं नाव लिओनी पॅस्को. पन्नाशी उलटलेली, पूर्वाश्रमीची नर्स. पश्चिमेचा कोरडा वारा सुटला होता आणि गाडीपासून दारापर्यंत येईतो तिच्या हातातले कागद दोनदा उडाले. एडगरची बायको हेझल हिने भोपळ्याचे स्कोन, छोटे गोडसर पाव, भाजले होते. लिओनीने एक खाल्ला, दुसरा बशीत घेतला, आणि चष्मा लावून फॉर्म उघडला. बावीस पानी फॉर्म होता.

"त्याच्या डोक्याचं काय केलंत ते आधी सांगाल?" एडगरने विचारलं.

"अर्धा भाग औषधाच्या पाण्यात ठेवलाय," लिओनी म्हणाली. तिने आवाज हळवा केला नाही, हे एडगरला बरं वाटलं. "उरलेल्या अर्ध्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या करून गोठवल्यात. पुढची काही वर्षं त्यातून वाटाण्याएवढे तुकडे निरनिराळ्या लोकांना अभ्यासाला जातील. पण नुसत्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. तो माणूस कधी, किती आणि किती वर्षं प्यायला, हे सोबत लागतं. त्यासाठी मी हिंडते."

मग प्रश्न सुरू झाले. क्लेम प्यायला कधी लागला? सतराव्या वर्षी, एडगर म्हणाला, बटाट्याच्या हंगामात, मजुरांबरोबर. काय प्यायचा? आधी बिअर, पुढे रम. दिवसाला किती? लिओनीकडे एक तक्ता होता. बिअरच्या एका ग्लासात दारूचं एक माप, रमच्या बाटलीत बावीस, असं काहीबाही. एडगर आकडे सांगत गेला. विसाव्या वर्षी दिवसाला दहा मापं, तिसाव्या वर्षी पंधरा, पुढे वीस. आकडे सांगताना त्याच्या आवाजाला एक प्रकारची धार होती. हेझल ओट्याजवळ पाठ करून भांडी विसळत होती.

"घरात आणखी कुणी?"

"बाबा नाही. बाबा चर्चचे वडीलधारे होते. आईचा भाऊ मात्र प्यायचा. ओढ्यात सापडला शेवटी. आणि आईचे वडीलही, असं म्हणतात. बियाण्याच्या कोठीत बाटल्या ठेवायचे."

लिओनीने ते लिहून घेतलं. "आता हा प्रश्न नीट आठवून सांगा. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ त्यांनी दारू पूर्ण सोडली, असं कधी झालं?"

"नाही," एडगर म्हणाला.

ओट्यावर एक बशी दुसऱ्या बशीवर जरा जोरात ठेवली गेली. लिओनीने रकान्यात रेघ मारली.

निघण्यापूर्वी तिने पिशवीतून आणखी एक कागद काढला. क्लेमने कार्डाबरोबर भरून दिलेला. त्याच्या तळाशी त्याने स्वतःहून चार ओळी खरडल्या होत्या: 'माझा धाकटा भाऊ एड्डी. कधीच प्यायलेला नाही. आई तीच, बाप तोच. विचारून बघा, तुलनेला बरा पडेल. पण लवकर मरणार नाही, चिवट आहे.'

एडगरला हसू आलं आणि ते येऊ दिल्याचा रागही आला.

"खरं सांगायचं तर," लिओनी म्हणाली, "पिणारे आम्हाला पुष्कळ मिळतात. न पिणारा सख्खा भाऊ मिळत नाही. तुमची तयारी असेल तर आज फक्त थोडी लाळ द्या, जीनच्या तपासणीसाठी. बाकीचं तुमच्या पश्चात, सावकाश."

"सावकाशच होऊ दे," हेझल पाठमोरीच म्हणाली.

एडगर नळीत थुंकला, सही केली आणि विचारलं, "त्याच्यात ते होतं का? जन्मतःच? आईच्या बाजूने आलेलं?"

"असू शकेल. तेच शोधतोय आम्ही. पण एकेकट्या माणसाचा निकाल कुणालाच सांगत नाही."

"पण असू शकेल."

"असू शकेल," लिओनी म्हणाली.

त्या दोन शब्दांवर एडगरचे पुढचे दहा-बारा दिवस फार चांगले गेले. कांद्याच्या रोपांवर पाणी सोडताना, ट्रॅक्टरवर, चर्चमध्ये बाकावर बसल्या बसल्या तो ते मनात घोळवायचा. रक्तातच होतं. ओढ्यातला मामा, कोठीतला आजोबा, आणि क्लेम. कुणी काही केलं असतं तरी क्लेम प्यायलाच असता, जमीन त्याच्या हाती दिली असती तर तीही प्यायला असता. हेझलला त्याने एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "असेल बाबा," आणि बटाटे सोलत राहिली.

मग लिओनीचा फोन आला.

"एडगर, एक विसंगती निघालीय. टूवूंबाच्या एका दवाखान्यातले त्यांचे जुने कागद आमच्याकडे आलेत. चौऱ्याऐंशी सालचे. पायाला जखम झाली म्हणून गेले होते. डॉक्टरने लिहिलंय, पाच वर्षं मद्य घेतलेलं नाही. रक्ताचे आकडेही स्वच्छ आहेत."

"पिणारा माणूस डॉक्टरला दुसरं काय सांगणार?"

"माणूस खोटं सांगतो. त्याचं यकृत शक्यतो नाही सांगत."

एडगरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचा तेव्हा संबंध नव्हता, हे मला समजतं," ती म्हणाली. "पण आणखी कुणी असेल का, त्या काळात त्यांच्या जवळचं?"

"काय फरक पडतो? तीस वर्षं म्हणा की चाळीस. प्यायलाच ना शेवटी?"

लिओनीने घाई केली नाही. "सांगते. मेंदूतल्या पेशींच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. रिसेप्टर म्हणतात त्यांना. शांत हो, असा निरोप त्यांच्यातून आत जातो. दारू तोच निरोप जास्त मोठ्याने देते. रोज तेच होत राहिलं की पेशी दारं बदलते. काही काढून टाकते, काही निराळ्या घडणीची बसवते. मग दारू नसली की माणसाला शांत होताच येत नाही. आता ही दारं कशी घडवायची ते जीनमध्ये लिहिलेलं असतं. लिहिलेलं बदलत नाही, पण ते किती वेळा वाचायचं ते बदलतं. आम्ही क्लेमच्या तुकड्यात तेच मोजतो, कुठला जीन किती वाचला जात होता. कळतंय का?"

"पुढे बोला."

"पिणं थांबलं की पेशी हळूहळू सावरते. कुणाची जास्त, कुणाची कमी. कदाचित जीनच्या प्रकारावरून ते ठरत असेल. आता समजा, क्लेम मधे काही वर्षं थांबले होते आणि मी एकोणपन्नास वर्षं सलग असं लिहिलं. त्यांची पेशी आमच्या अपेक्षेहून बरी दिसेल. आम्ही म्हणू, या जीनचा माणूस दारूला चांगला टिकतो. ते चूक असेल. आणि ती चूक त्यांच्यासारख्या दुसऱ्या पंधरा जणांच्या आकड्यांत मिसळेल."

एडगरला हे कळलं, लिओनीला वाटलं त्याहून चांगलं कळलं. सत्तरच्या दशकात शेतीखात्याने त्यांच्या वावरात बटाट्याच्या सहा जातींची चाचणी लावली होती. कुठल्या ओळीला किती पाणी ते रोज वहीत लिहायचं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या म्हाताऱ्याला कोरड्या ठेवलेल्या ओळींची दया आली आणि एडगर गावाला गेला असताना त्याने त्यांना दोनदा पाणी पाजलं. खात्याच्या माणसाने कपाळाला हात लावला. सगळी चाचणी उपटून टाकावी लागली. म्हाताऱ्यावर एडगर वर्षभर चिडून होता.

"बघतो," तो फोनवर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बघण्यासारखं काही नव्हतं. त्याला माहीत होतं.

एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यातला एक रविवार. त्यांचा बाप, म्हातारा ऑगस्ट झर्नर, झटका येऊन पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. मृत्युपत्रात तेव्हा जमीन दोघांत निम्मी होती. वकील बदल करायला तयार बसला होता आणि म्हातारा ठरवत नव्हता. त्या दिवशी चर्चनंतर क्लेम आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. दोन वर्षं झाली सोडून, तो म्हणाला, बाबांना भेटायचंय, जमलं तर परत येऊन काम करायचंय. अंगणात तो एडगरपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता, आणि चहाचा. आणखी कशाचाच नाही.

क्लेम पायऱ्यांवर टेकला आणि एडगर आत गेला. म्हाताऱ्याचं अर्धं तोंड हलत नव्हतं. "प्यायलाय का?" त्याने विचारलं.

"हो," एडगर म्हणाला.

बाहेर येऊन त्याने सांगितलं, बाबा झोपलेत. क्लेम पायऱ्यांवर तासभर बसून राहिला, टाकीच्या नळाचं पाणी प्यायला आणि गेला. गुरुवारी वकील आला. जूनमध्ये म्हातारा वारला.

एडगरने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. नंतर क्लेम खरंच पुन्हा प्यायला लागल्याची बातमी गावात आली, आणि तेव्हापासून तर ते सांगण्याचं कारणच उरलं नव्हतं. जणू तो खोटं बोललाच नव्हता, थोडं आधी बोलला होता एवढंच.

फोननंतर दोन दिवसांनी, न्याहारीच्या वेळी, त्याने हेझलला सगळं सांगितलं. ती टोस्टला लोणी लावत होती. ते तिने कडेपर्यंत नीट लावलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"त्या दिवशी त्याला चहा मी दिला, एडगर. पायरीवर. कपबशी त्याने एका हातात धरली होती. वाजली नाही. पिणाऱ्याच्या हातातली बशी वाजते."

"मग बोलली का नाहीस?"

"पोटात केविन होता. आणि जमीन ऐंशी एकर होती," हेझल म्हणाली. "मीपण तुझ्यासारखीच हिशेबी. क्लेम जिच्याबरोबर राहायचा त्या नोरीनला फोन कर. तिचा नंबर अंत्यविधीच्या वहीत आहे."

नोरीन ॲबेल टूवूंबाला एका बैठ्या चाळवजा वसाहतीत राहत होती. वय चौऱ्याहत्तर, केस पांढरेशुभ्र, अंगात बोलिंग क्लबचा कोट. शनिवारी एडगर गाडीने डोंगर चढून तिथे गेला तेव्हा ती दारातच उभी होती.

"या, जमीनदार," ती म्हणाली. "अगदी त्याच्यासारखा चालतोस रे. पायाने जमीन मोजल्यासारखा. बस. कुत्र्याला खुर्चीवरून खाली ढकल."

एडगरने येण्याचं कारण सांगितलं. फॉर्म, तारखा, लिओनी. नोरीनने मधे न बोलता ऐकलं आणि मग इतकी हसली की तिला खोकला आला.

"म्हणजे मेल्यावरही मोजमाप संपलं नाही म्हणा त्याचं! लिही. कागद आणलायस ना? एकोणऐंशीच्या मार्चात सोडली. माझ्या आईला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सात मार्च. नव्वदच्या जूनमध्ये परत धरली. अकरा वर्षं आणि तीन महिने. मधे एकदाही नाही. मी लाँड्रीत कामाला होते, माणसाच्या कपड्यांवरून मला त्याचा अख्खा आठवडा कळायचा. एकदाही नाही."

एडगरने लिहिलं. त्याची पेन्सिल तुटली, नोरीनने त्याला दुसरी दिली.

"परत कशाने सुरू झालं?"

"खिळ्यांनी."

"म्हणजे?"

"गुरुवार होता. कुंपणाला खिळे हवेत म्हणून दुकानात गेला आणि रात्रीच्या जेवणाला पबमधून परत आला. खिळे आणले होते हं, विसरला नाही. मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, उकडत होतं." नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. "जूनमध्ये. टूवूंबाला. ऐन हिवाळा, माझे दात वाजत होते."

"आणखी काही झालं असेल. कुणी काही बोललं असेल."

"नाही रे. मीही शोधलं. दोन वर्षं शोधलं, मग त्याला घराबाहेर काढलं. काही झालेलं नव्हतं."

कुत्रा पुन्हा एडगरच्या मांडीवर चढला. त्याला न हटवता एडगर म्हणाला, "एक्क्याऐंशीत तो बाबांना भेटायला आला होता."

"मीच गाडी चालवत आणलं होतं. फाटकाबाहेर बसले होते."

"बाबांनी मला विचारलं, तो प्यायलाय का. मी हो म्हटलं."

"ठाऊक आहे. खिडकी उघडी होती."

एडगरने पेन्सिल खाली ठेवली.

"त्याने ऐकलं?"

"पायरीवर बसला होता ना? गाडीत बसल्यावर म्हणाला, एड्डीने पाडलं मला. वाटेतल्या गॅटन गावापर्यंत गप्प होता. घरी आल्यावर त्याने मागचं गवत कापलं, आणि शेजारणीचंही कापून दिलं, तिने सांगितलं नव्हतं तरी." नोरीनने कोटाची बटणं लावली, तिला क्लबला जायचं होतं. "आता ऐक. तुझ्या तोंडावर लिहिलंय तू कशाला आलास ते. तुझ्यामुळे तो परत प्यायला, असं मी म्हणावं, असं तुला वाटतंय. तसं नाही झालं. तुझ्या त्या रविवारनंतर नऊ वर्षं तो प्यायला नाही. नऊ. एवढा मोठा नव्हतास तू त्याच्या आयुष्यात."

"मी खोटं बोललो होतो."

"हो, बोललास. ते तुझं तू बघ. त्याच्या पिण्यात ते घालू नकोस."

एडगरने मग जमिनीचं काढलं. खालची वीस एकरं, ओढ्याकाठची, तो तिच्या नावे करायला तयार होता. नोरीन त्याच्याकडे बघतच राहिली.

"मी काय करू तिथे? कांदे लावू?"

"विकता येतील."

"मला नकोत. त्यालाही नको झाली होती ती नंतर. मला क्लबपर्यंत सोड, बस चुकेल माझी."

त्याने तिला सोडलं. उतरताना तिने त्याच्या खांद्यावर हात मारला, जरा जोरातच.

सोमवारी तो हेझलला घेऊन ब्रिस्बेनला गेला. लिओनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची. शेजारच्या खोलीत गोठवणाऱ्या पेट्यांची घरघर होती. त्यातल्या एकीत क्लेम आहे हे एडगरला कळत होतं. कुठल्या, ते त्याने विचारलं नाही.

लिओनीने जुनं पान काढलं. रकान्यातली रेघ खोडून तिने लिहिलं: मार्च १९७९ ते जून १९९०, पूर्ण. माहिती देणारे: सहचरी; भाऊ. मग यंत्रावर आकडेमोड करून तिने आयुष्यभराच्या मापांचा आकडा बदलला. तो बराच खाली आला.

"पहिल्यांदा विचारलं तेव्हाही मला माहीत होतं," एडगर म्हणाला. "सगळं नाही, पण दोन वर्षं तरी नक्की. नाही आठवलं असं नव्हतं."

लिओनीने पेन खाली ठेवलं. त्याने रविवारचं सांगितलं, खिडकीचंही सांगितलं. कामावर रोज ऐकते तसं तिने ते ऐकून घेतलं. तिच्या खुर्चीसमोर बसून लोक काय काय सांगून गेले होते, ते तिने कधी कुठे लिहिलं नव्हतं.

"हे यात जाणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पण तारखा दिल्यात ते फार महत्त्वाचं आहे. बहुतेक लोक पुन्हा फोन उचलत नाहीत."

"आणि ते रक्तातलं? आईकडून आलेलं?"

"ते असेलच तर तुमच्यातही निम्म्याने असायची शक्यता आहे. आणि त्यांच्यात असूनही ते अकरा वर्षं थांबले. कसे थांबले ते मला कळलं असतं तर मी हे काम सोडून दुसरं काहीतरी केलं असतं."

हेझलने पर्स बंद केली. "मला चहा हवाय," ती म्हणाली, "कुठे मिळतो इथे?" तिघं खाली जाऊन चहा प्याले. चहा वाईट होता.

पुढची तीन वर्षं लिओनी दर ऑगस्टला फोन करायची. तब्येत बिघडलीय का, काही औषधं सुरू झाली का, दारू घेतली का. एडगर म्हणायचा, अजून नाही, तिन्हीला. दोन हजार बारामध्ये पेढीकडून सगळ्या कुटुंबांना एक चौपानी पत्रक आलं. अमुक प्रकारचा जीन असलेल्या पिणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अमुक रिसेप्टर कमी आढळला; हालचाली सांभाळणाऱ्या भागात तसा फरक दिसला नाही; आणखी नमुने लागतील. आत एक आलेख होता. आडव्या रेषेवर आयुष्यभर प्यायलेल्या दारूचा आकडा, उभ्या रेषेवर जीन किती वाचला गेला ते. मधे साठ-सत्तर काळे ठिपके, माणशी एक.

एडगरने चष्मा लावून तो आलेख ओट्यावर पसरला. क्लेमचा आकडा साधारण किती ते त्याला लिओनीच्या यंत्रावर दिसलं होतं. त्या जागी बोट ठेवून तो वर सरकत गेला. तिथे पाच ठिपके होते, दोन एकमेकांवर चढलेले.

"कुठला?" हेझलने विचारलं.

"कळत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने पत्रक बियाण्याच्या कागदांच्या फायलीत लावून टाकलं.

त्याच वर्षी चर्चच्या सभागृहाचं छप्पर बदलायचं निघालं. शनिवारी सगळी मंडळी जमली. दुपारी सावलीत बसून सॉसेज खाताना बोलणं कुणाच्या तरी नातवावर गेलं. पोरगा अठराचा, दोनदा गाडी ठोकली, दोन्ही वेळा प्यायलेला.

"काही घरांत असतंच ते," ग्लेन हुपर म्हणाला. तो शाळेत क्लेमच्या वर्गात होता. "आता तुमचा क्लेमच घ्या. सतराव्या वर्षी बाटलीला हात लावला तो मरेपर्यंत शुद्धीवर नव्हता. हो ना, एडगर?"

"नाही," एडगर म्हणाला.

"अं?"

"मधे अकरा वर्षं प्यायला नव्हता तो. अकरा वर्षं तीन महिने. त्याने सोडून दोन वर्षं झाल्यावर बाबांनी मला विचारलं होतं, प्यायलाय का, आणि मी खोटंच हो म्हणून सांगितलं. म्हणून जमीन माझ्याकडे आहे."

ग्लेनने ताटलीतला कांदा काट्याने इकडचा तिकडे केला. छपरावरून कुणीतरी विचारलं, स्क्रूंचा दुसरा डबा कुठाय.

"ट्रकमध्ये आहे," एडगर म्हणाला आणि तो आणायला उठला.